छत्तीस तुकड्यांची रमाई

जयंती जवळ आली की वस्तीत पहिला विषय निघतो फ्लेक्सचा. केवढा छापायचा, कुठल्या चौकात लावायचा, खाली कोणाकोणाचे फोटो टाकायचे. फ्लेक्स येतो तेव्हा वरच्या कोपऱ्यात महामाता रमाई छोटीशी असते आणि खाली गॉगल लावलेले आपले होतकरू नेते तिच्या दुप्पट असतात. पंधरा दिवसांनी तोच फ्लेक्स कोणाच्या तरी न्हाणीचा आडोसा होतो, नाहीतर गोठ्यावर जातो, नाहीतर थंडीत शेकोटीत. प्लास्टिकचा तो कपडा जळताना जो धूर निघतो तो लेकरांच्या छातीत जातो, हे आम्ही याच पानावर पूर्वी सांगितलेलं आहे.

या वेळी आमचं म्हणणं वेगळं आणि सरळ आहे. ७ फेब्रुवारीला, रमाईच्या जयंतीला, वस्तीतल्या बायकांनी मिळून रमाईचं एक मोठं चित्र स्वतःच्या हातानं रंगवावं. आणि ते आरोग्याचं काम म्हणून करावं. आरोग्याच्या पानावर चित्रकला कशाला आणली, असं विचारणाऱ्या भावांनी शेवटपर्यंत वाचावं एवढीच विनंती.

आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा करून वॉर्डात राबलेल्या आणि पुढं चळवळीत आलेल्या बाया आहोत. तपासणी शिबिरं आम्ही किती घेतली याचा हिशोब नाही. शिबिराचा अनुभव सगळीकडं एकच. टेबल मांडायचं, बीपीचं मशीन ठेवायचं, माईकवरून पुकारायचं. येतात कोण? पुरुष येतात, म्हातारी माणसं येतात, शाळेतली पोरं टाइमपासला येतात. जिला खरी गरज आहे ती तिशी-चाळिशीतली बाई दारातून बघते आणि आत जाते. "मला काय झालंय?" हे तिचं ठरलेलं वाक्य. चपला घालताना जिला धाप लागते तीच हे म्हणते.

ती असं का म्हणते, याचा विचार आपल्या समाजानं करायला पाहिजे. आमच्या मते त्याचं एक कारण आपण रमाईची गोष्ट ज्या पद्धतीनं सांगतो त्यात आहे. हे वाक्य काहींना टोचेल. पण ऐका.

रमाईचा जन्म १८९८ चा, दापोलीजवळच्या वणंदचा. २७ मे १९३५ रोजी दादरच्या राजगृहात ती गेली. वय वर्षं ३७. पाच लेकरांपैकी चार तिनं मातीत ठेवली, गंगाधर, रमेश, इंदू आणि शेवटचा राजरत्न, तो १९२६ साली गेला. एकटा यशवंत राहिला. बाबासाहेब न्यूयॉर्कला, लंडनला शिकत होते तेव्हा इकडं तिच्या चुलीवर काय शिजत होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. शेवटची वर्षं आजारपणात गेली. आपले वक्ते हे सांगतात, बायका पदरानं डोळे पुसतात, टाळ्या पडतात. शेणाच्या गोवऱ्या थापल्या, उपाशी राहिली, धारवाडच्या वसतिगृहातल्या पोरांसाठी बांगड्या गहाण ठेवल्या. सगळं सांगतात. पण असा एकही वक्ता आम्ही ऐकला नाही ज्यानं पुढचं वाक्य म्हटलं की, बायांनो, ३७ हे मरायचं वय नव्हतं, तुमच्यापैकी कोणाचं अंग पांढरं पडलं असेल तर उद्याच रक्त तपासा.

त्याग मोठाच होता. त्यावर आम्ही बोट ठेवत नाही. पण उपास हा गुण म्हणून सुनेच्या ओटीत घालायचा नसतो. सगळ्यांना वाढून उरलं तर खाणारी बाई म्हणजे चांगली बाई, दुखणं अंगावर काढणारी म्हणजे सोशिक बाई, हे आपण रमाईच्या नावानं आपल्या पोरींना शिकवत असू तर तिच्या आयुष्यातून आपण चुकीचा धडा घेतला. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचा आकडा आहे. चौथ्या फेरीत तो ४८ होता. म्हणजे वाढला. आपल्या घरात चार बायका असतील तर त्यातल्या दोघी यात धरा.

आता चित्राकडं येऊ.

आम्ही नरसीत जे केलं ते असं. नरसी नामदेव म्हणजे हिंगोली जिल्ह्यातलं कयाधूकाठचं गाव, संत नामदेवांचं जन्मगाव. आषाढीनंतरच्या परतवारीला इथं रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, पंजाबातून शीख बांधवही दर्शनाला येतात, कारण नामदेवांची पदं गुरु ग्रंथसाहिबात आहेत. बाकीच्या वर्षात मात्र गाव शेतीच्या कामात. फेब्रुवारी म्हणजे हळद काढणीचे, हरभऱ्याचे दिवस, बायकांना दम नसतो. म्हणून बसायची वेळ ठरवली रात्री जेवणं झाल्यावर, विहारात, आठवड्यातून तीन दिवस. सुरुवातीला सात जणी आल्या. शेवटी एकोणीस झाल्या. शिवाय दोन आज्या, ज्या रंगाला हात लावायच्या नाहीत पण सगळ्यांना शिकवायच्या.

रमाईचे फोटो मोजकेच आहेत. राजगृहातला फेब्रुवारी १९३४ चा कुटुंबाचा फोटो बऱ्याच घरांत आहे. त्यात बाबासाहेब आहेत, यशवंत आहे, थोरल्या जाऊ लक्ष्मीबाई आहेत, पुतण्या मुकुंद आहे आणि बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबीसुद्धा आहे. म्हणजे रमाई जाण्याच्या सव्वा वर्ष आधीचा फोटो. आम्ही तिचा चेहरा तेवढा मोठा करून झेरॉक्स काढली. झेरॉक्समध्ये बारकावे जातात, फक्त काळं आणि पांढरं उरतं. आम्हाला तेच पाहिजे होतं.

कारण आम्हाला जे चित्र करायचं होतं त्याला पॉप आर्ट म्हणतात. नाव इंग्रजी आहे म्हणून बिचकू नका. पॉप म्हणजे पॉप्युलर, लोकांचं. बाजारातल्या वस्तू, जाहिराती, सिनेमाचे चेहरे, डबे, बाटल्या, जे साध्या माणसाच्या डोळ्यासमोर रोज असतं त्याचं चित्र, भडक सपाट रंगात, जाड रेषेत. १९५० नंतर इंग्लंड-अमेरिकेत हे सुरू झालं. त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव अँडी वॉरहॉल. १९६२ साली यानं सूपच्या डब्यांची ३२ चित्रं मांडली, सगळे डबे सारखे, फक्त आतल्या सूपचं नाव वेगळं. मोठ्या लोकांनी नाकं मुरडली. त्याच वर्षी मेरिलिन मन्रो ही नटी गेली, तिचा एकच फोटो त्यानं पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या रंगांत छापला. तोंड गुलाबी, केस पिवळे, पापण्या निळ्या. आपल्याकडच्या कॅलेंडरवाल्यांनी आणि भिंती रंगवणाऱ्या पेंटर लोकांनी हे कधीपासून केलेलं आहे. निळा कोट, लाल टाय, हातात ग्रंथ, हे चित्र एका रेषेत ओळखू येतं. लोकांचं चित्र आपल्याकडं आधीच होतं, त्याला गॅलरीत कोणी बोलावलं नाही एवढंच.

या वॉरहॉलची एक गोष्ट आम्हा नर्स बायकांना फार जवळची वाटली. तो कुठल्या हवेलीतला नव्हता. आईबाप आजच्या स्लोव्हाकियातल्या खेड्यातून अमेरिकेत आलेले, बाप मजूर. आठ वर्षांचा असताना त्याला कोरिया नावाचा आजार झाला. हातपाय आपोआप झटकतात, चेहरा वाकडातिकडा होतो, वस्तू हातातून पडतात. घशाच्या साध्या संसर्गाचं पुढं सांधेताप म्हणजे रुमॅटिक फिव्हर होतो, त्यातूनच हा आजार येतो. पोरगं कित्येक आठवडे अंथरुणावर. आईनं त्याला रंगवायची पुस्तकं दिली, मासिकांतली चित्रं कापायला दिली. तिथून तो चित्रकार झाला.

इथं जरा थांबून आमचं नेहमीचं काम करून घेतो. हा सांधेताप आपल्या वस्त्यांतून अजून गेलेला नाही. एका खोलीत सात-आठ माणसं झोपतात तिथं घशाचे जंतू एकाकडून दुसऱ्याला सहज जातात. पोराचा घसा ठणकला, ताप आला, आणि दोन-चार आठवड्यांनी सांधे सुजायला लागले, आज गुडघा तर उद्या कोपर, तर ते "वाढीचं दुखणं" म्हणून सोडू नका. याच्यात हृदयाच्या झडपा खराब होतात. वेळेवर ओळखलं तर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन देऊन हृदय वाचवता येतं, पण ते वर्षानुवर्षं नियमानं घ्यावं लागतं. बरं वाटतंय म्हणून मधेच बंद केलेली पोरं पुढं विशीत धाप घेऊन वॉर्डात येताना आम्ही पाहिलेली आहेत. विशेषतः मुली, आणि त्यांचं कळतं ते पहिल्या बाळंतपणात.

तर चित्र. झेरॉक्सवर पट्टीनं सहा उभे, सहा आडवे असे चौकोन आखले. एकूण छत्तीस. जाड पुठ्ठ्याचे एक-एक फुटाचे छत्तीस तुकडे कापले आणि झेरॉक्सवरच्या एका चौकोनात जी रेष जिथून जिथं जाते तेवढीच मोठी करून त्या पुठ्ठ्यावर काढायची. पेंटर लोक भिंतीवर मोठी चित्रं याच रीतीनं चढवतात. मागं नंबर टाकायचा, वरची बाजू कुठली त्याचा बाण काढायचा. बाण विसरलात तर नाकपुडी कपाळावर जाते. आपल्या वाट्याला आलेल्या तुकड्यात काय आहे ते बऱ्याच जणींना कळतही नाही. कोणाला नुसता पदराचा काठ येतो, कोणाला कानाची पाळी. एकच नियम. फोटोत जिथं अंधार तिथं गडद रंग, जिथं उजेड तिथं फिका. मग गडद म्हणजे निळा घ्या, जांभळा घ्या, हिरवा घ्या, ज्याची त्याची मर्जी. हा नियम पाळला तर छत्तीस तुकड्यांत छत्तीस रंग असूनही लांबून चेहरा ओळखू येतो.

काम गोधडीसारखंच आहे, आपल्याकडं वाकळ म्हणतो तिच्यासारखं. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. आणि शिंप्याच्या घरात जन्मलेल्या नामदेवांच्या गावात तर नाहीच.

रंगांविषयी नर्स म्हणून सांगतो. ऑइलपेंट आणू नका. टर्पेंटाइनच्या वासानं डोकं धरतं, आणि पोटुशी बाई, तान्ही लेकरं जवळ असतात. घरगुती रंगांत शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं असा कायदा नोव्हेंबर २०१७ पासून आहे, पण पडून राहिलेल्या जुन्या डब्याला कायदा माहीत नसतो. पाण्यात कालवायचे पोस्टर कलर किंवा डिस्टेंपर घ्या. घरातलेही रंग चालतात. चुना, काव, काजळी, कपड्यांची नीळ, आणि आपली हळद, ती तर इथं ढिगानं. हळदीचा रंग उन्हात उडतो एवढं ध्यानात ठेवा. शेंदूर मात्र घेऊ नका. अस्सल शेंदूर शिशापासून बनतो, तो बोटांवाटे लेकराच्या पोटात गेला तर मेंदूला इजा करतो. रंगवताना खाऊ नका, उठताना हात साबणानं धुवा.

आता मुद्द्याचं. त्या रात्रींमधून आम्हाला जे कळलं ते कुठल्याही शिबिरात कळलं नसतं.

पुठ्ठा हातात घेतला की चाळिशीच्या बाया तो लांब धरतात. हात जेवढा लांब जातो तेवढा. म्हणजे जवळचं दिसत नाही. त्या बायका दोन-दोन वर्षं सुईत दोरा पोरीकडून ओवून घेत होत्या, तांदूळ चाचपून निवडत होत्या आणि "आता वय झालं" म्हणत होत्या. वय झालं नाही, चष्मा लागलाय. शेदोनशे रुपयांच्या चष्म्यानं सुटणारा प्रश्न. ब्रश धरलेल्या बोटांची नखं दिव्याखाली नीट दिसतात. कोणाची पांढरीफट, कोणाची चमच्यासारखी खोलगट. रक्त कमी असल्याची ही खूण आम्हाला मशीनशिवाय कळते. कोणाच्या हाताला सतत मुंग्या, कोणाला खाली बसलं की उठवत नाही. एका ताईच्या मनगटावर जुन्या हाडाची गाठ होती, नीट न बसवलेल्या मोडीची. कशानं मोडलं हे कोणी विचारलं नाही. चौथ्या दिवशी तिनंच सांगितलं, मान खाली, ब्रश चालू.

हात कामात असले की बाईची जीभ सैल होते, हे घंगाळात भांडी घासणाऱ्या कोणाही दोघी जणींना ठाऊक आहे. पण मुंबईत एका संस्थेनं याचा नीट उपयोग केला. शीवच्या रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या डॉक्टर आर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९ साली 'स्नेहा' संस्था काढली, आईच्या दुधाची पेढी इथं पहिल्यांदा सुरू करणाऱ्या त्याच. या संस्थेनं २०१५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये धारावी बिनाले भरवली. धारावीतल्या माणसांनी कलाकारांबरोबर बसून आरोग्यावर केलेल्या वस्तूंचं हे प्रदर्शन धारावीतच, गल्लीबोळात होतं. त्यात बायकांनी कापडाचा एक नकाशा शिवला होता. धारावीचा नकाशा, आणि त्यावर घरातल्या मारहाणीच्या कहाण्या. पोलिसात न लिहिलेलं त्यांनी टाक्यांनी लिहिलं. आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली तीन हजारांहून जास्त अभ्यास चाळून सांगितलं की गाणं, नाच, चित्र, हस्तकला यांचा आजार टाळायला आणि आजारातून उठायला उपयोग होतो. आपल्या आज्यांनी ओव्या म्हणत जाती ओढली, त्यांना हे कोणी सांगावं लागलं नव्हतं. पण साहेब लोकांना अहवाल लागतो म्हणून सांगितलं.

एक पथ्य मात्र कडक पाळा. रंगवताना जे ऐकलं ते त्या चटईवरच राहिलं पाहिजे. ते नळावर गेलं तर पुढच्या वेळी कोणी येणार नाही, आणि आली तर बोलणार नाही. मदत हवी असेल तर तिला बाजूला घेऊन महिला हेल्पलाइन १८१ चा नंबर द्या, मनाचं दुखणं असेल तर टेलिमानस १४४१६. फोन तिचा तिनं करायचा, आपण जवळ बसायचं.

आता भांडणांचं सांगतो, कारण भांडणं झाली आणि ती व्हायलाच पाहिजे होती.

पहिलं भांडण रंगाचं. गालाचा तुकडा एका पोरीनं गडद निळा केला. आजी म्हणाल्या, "व माय, निळं तोंड? आपली रमाई काय किसन आहे का?" पोरगी म्हणाली, "आजी, निळा आपला रंग आहे." आजी म्हणाल्या, "झेंड्याचा. तोंडाचा नाही." मग हळूहळू खरी गोष्ट बाहेर आली. बाजारातल्या सगळ्या तसबिरींत रमाई गोरी असते. कॅलेंडरवाला आपल्या आईला आपल्या रंगाची ठेवत नाही. पॉप आर्टमध्ये गोरं-काळं हा प्रश्नच निघून जातो, निळी, केशरी, हिरवी काहीही असली तरी ती रमाईच. पोरी फेअरनेस क्रीमवर पैसे घालतात, ती कातडीचं काय करते हे वेगळ्या लेखात सांगू. त्या रात्री निळ्या गालावरून एवढं बोलणं झालं, आमच्या भाषणानं झालं नसतं.

दुसरं भांडण कुंकवाचं. फोटोत कपाळावर कुंकू. काही जणी म्हणाल्या, आपण बौद्ध, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, कुंकू काढा. काही जणी म्हणाल्या, रमाई गेली १९३५ च्या मे महिन्यात, येवल्याची घोषणा त्याच वर्षी ऑक्टोबरमधली, दीक्षा १९५६ ची. जी बाई जशी जगली तशी दाखवा, तिला मागं जाऊन बदलू नका. आमचं मत दुसऱ्या बाजूचं आहे. तिचं मन तर पंढरपूरला जायचंही होतं. बाबासाहेबांनी नेलं नाही, जिथं आपल्या माणसाला लांब उभं राहून परतावं लागतं तिथं कशाला जायचं म्हणून. पंढरीचं ते दार आपल्याला उघडलं १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर, रमाई जाऊन बारा वर्षं झाल्यावर. मंगळवेढ्याला कुसाखाली दबून मेलेल्या चोखोबाची हाडं नामदेवांनी वेचून पंढरीला आणली असं परंपरा सांगते, ते याच नरसीचे नामदेव. आणि चोखोबाची समाधी दाराबाहेर. हे सगळं त्या एका टिकलीभर कुंकवात आहे. ते पुसून टाकलं तर काय सोसलं तेही पुसलं जातं.

पण भांडण आम्ही सोडवायच्या आधीच सुटलं. सहा उभे रकाने, म्हणजे कपाळाचा मध्य दोन तुकड्यांच्या जोडावर आला. अर्धं कुंकू एकीकडं, अर्धं दुसरीकडं. एकीनं तिचं अर्धं लालभडक केलं. दुसरीनं तिच्या बाजूला काढलंच नाही, कपाळाचा पिवळा रंग तसाच नेला. तुकडे जोडले तेव्हा रमाईच्या कपाळावर अर्धं कुंकू. पाच मिनिटं कोणी बोललं नाही. मग हसू फुटलं. दुरुस्त करायचं का म्हणून विचारलं तर दोघीही नाही म्हणाल्या. जयंतीला ते तसंच लागलं.

चौकटच पाहिजे असा आमचा हट्ट नाही. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड कलाकार जोडप्यानं २०११ साली आलेल्या 'भीमायन' या पुस्तकात बाबासाहेबांचं आयुष्य एकही चौकोनी डबा न आखता, त्यांच्या परंपरेतल्या वळणावळणांच्या रेषांत चितारलं. ज्या वस्तीत ज्या रीतीचा हात आहे ती रीत वापरा. आम्हाला चौकोन सोयीचे पडले कारण प्रत्येकीला आपला तुकडा मांडीवर घेऊन बसता येतो, लेकरू रडलं तर उठता येतं, आणि एक जण आली नाही म्हणून काम अडत नाही.

वॉरहॉलच्या कारखान्यात मदतनीस पुष्कळ होते, नाव मात्र एकाचंच झालं. आपल्याकडं तसं नको. चित्राच्या खाली एकोणीस नावं लिहिली, सही येते तिची सही, येत नाही तिचा रंगात बुडवलेला अंगठा. अध्यक्षांचं नाव टाकायचं का म्हणून मंडळातून निरोप आला होता. अध्यक्षांनी एखादा तुकडा रंगवला तर टाकू, असं कळवलं.

पैशाचं म्हणाल तर पुठ्ठे आणि रंग मिळून एका मोठ्या फ्लेक्सच्या आतच भागलं. डीजेचा तर विषयच काढत नाही. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा कायद्यानं घातलेली आहे, रात्री दहानंतर भोंगा बंद, आणि डीजेसमोर शंभराच्या वरचा आवाज असतो. त्यानं म्हाताऱ्यांच्या छातीत धडधड होते आणि तान्ह्यांची झोप जाते. भीमगीतं ऐकायला आम्हालाही आवडतात, पण शब्द कळतील एवढ्या आवाजात.

शेवटची गोष्ट रक्ताची. तुकडे रंगवून झाले त्या आठवड्यात आम्ही विहारातच हिमोग्लोबिन तपासलं. एकोणीसच्या एकोणीस जणींनी बोट पुढं केलं, दोन आज्यांनीसुद्धा. शिबिरात हे कधी घडलं नव्हतं. बारा ग्रॅमच्या खाली असेल तर रक्त कमी, पोटुशी असेल तर अकराच्या खाली, आणि आठच्या खाली असेल तर घरगुती उपायांवर वेळ न घालवता डॉक्टर. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहा लोह अडवतो. लिंबू पिळलेल्या जेवणानंतर घ्या. शौच काळी होते, घाबरू नका. जिच्या माहेरी-सासरी कोणाला वरचेवर सांधे दुखून ताप येतो, डोळे पिवळे होतात, तिनं आधी सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. आपल्या सोयरिकी वाशिम, यवतमाळकडं, पुढं विदर्भात आहेत, आणि तिकडच्या आपल्या समाजात सिकलसेल पुष्कळ घरांत आहे. सिकलसेल असलेल्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाची गोळी सुरू करू नये.

आकडा आम्ही रजिस्टरात लिहिला, आणि ज्यांना पाहिजे होतं त्यांनी आपल्या तुकड्याच्या मागं नंबराखाली पेन्सिलीनं स्वतः लिहिला. पुढं रमाईचा कान, मागं ९.४. चित्र भिंतीवर असेपर्यंत तो कोणाला दिसत नाही. पौर्णिमेनंतर चित्र उतरवलं, तुकडे सुटे केले आणि प्रत्येकीनं आपला तुकडा घरी नेला. ऑगस्टमध्ये वर्षावासात पुन्हा बसणार आहोत. तेव्हा सगळे तुकडे परत आणायचे, रक्त पुन्हा तपासायचं आणि पहिल्या आकड्याखाली दुसरा लिहायचा. त्या वेळचं नवं चित्र सावित्रीमाईचं असावं असं आमच्या मनात आहे, १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता गेलेली ती आमची पहिली नर्स. पुठ्ठे कापायला मोठी कात्री आणि चांगली पट्टी ज्यांच्याकडं असेल त्यांनी विहारात आणून द्यावी. आमची कात्री बोथट झाली आहे.